अमेरिकन सरहद्दीवरचे शेरीफ आणि मार्शल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायट एर्प, वाइल्ड बिल हिकॉक, बॅट मास्टरसन, पॅट गॅरेट, बास रीव्ह्ज या मंडळींबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काळ साधारण १८६० ते १९०० आणि प्रदेश मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत तिथे क्रमांक दिले आहेत.

१. शेरीफ, मार्शल आणि डेप्युटी मार्शल यांत नेमका फरक काय?

चार वेगळी पदं होती आणि चौघांचे मालकही वेगळे.

शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा अधिकारी. तो मतदानाने निवडून यायचा, त्यामुळे तो आधी राजकारणी असायचा आणि मग पोलीस. गावाचा मार्शल नगर परिषद नेमायची किंवा गाव निवडून द्यायचं, आणि त्याची सत्ता गावाच्या वेशीपर्यंतच. टाउनशिपचा कॉन्स्टेबल त्याहूनही लहान. यू.एस. मार्शल मात्र केंद्र सरकारचा. १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्याने हे पद निर्माण झालं. राष्ट्राध्यक्ष नेमणूक करायचे आणि सिनेट मंजुरी द्यायचं. हा बहुतेक वेळ कचेरीत बसून हिशेब बघायचा. घोड्यावर बसून आरोपी पकडायचे ते त्याने नेमलेल्या डेप्युटींनी.

डेप्युटी यू.एस. मार्शलला कोणत्याही गुन्ह्यात हात घालता येत नसे. टपालाची लूट, खोटी नाणी, इंडियन टेरिटरीत (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा प्रदेश, आजचं ओक्लाहोमा) दारूची विक्री असे केंद्रीय गुन्हे त्याच्याकडे असत. साधी मारामारी किंवा गुरांची चोरी स्थानिक अधिकाऱ्याकडे जायची. म्हणूनच एक माणूस एकाच वेळी दोन पदं धरायचा. १८८१मध्ये ॲरिझोनातल्या टूमस्टोनला वायटचा भाऊ व्हर्जिल एर्प गावचा पोलीसप्रमुखही होता आणि डेप्युटी यू.एस. मार्शलही.

२. मुंबईलाही शेरीफ असतात. ते हेच पद का?

मूळ एकच, इंग्लंडमधलं. मुंबईचं शेरीफपद, म्हणजे नगरपाल, हे मानाचं पद आहे. प्रतिष्ठित नागरिकाची त्यावर नेमणूक होते आणि त्याला पोलिसी अधिकार नसतात. अमेरिकेत तेच पद निवडणुकीचं, पगाराचं आणि तुरुंगाच्या किल्ल्या सांभाळणारं झालं.

३. गोळीबार नसेल तेव्हा हे लोक दिवसभर काय करत?

नगरपालिकेची कामं. गुरांच्या व्यापारावर चालणाऱ्या कॅन्ससच्या गावांमध्ये पोलिसांनी रात्री गस्त घालायची, दारुड्यांना उचलून कोठडीत टाकायचं, जुगाराचे अड्डे आणि वेश्यागृहं यांच्याकडून दरमहा दंड गोळा करायचा, पडके फूटपाथ आणि उघडी गटारं यांची नोंद करायची, बेवारस कुत्री मारायची. हिकॉकला ॲबिलीनमध्ये परवाना नसलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे ५० सेंट मिळत.

दरमहाचा दंड जरा नीट समजून घेण्यासारखा आहे. जुगार आणि वेश्याव्यवसाय कागदावर बेकायदा होते, पण बंद कोणालाच करायचे नव्हते. मालक महिन्याला ठरलेली रक्कम दंड म्हणून भरायचा, पुढचा महिना निर्धास्त असायचा, आणि त्या पैशातून पोलिसांचा पगार निघायचा. मार्शलचं खरं कौशल्य इथे लागायचं: टेक्ससहून आलेल्या गुराख्यांनी खिशातले पैसे गावात उडवावेत, पण गावाला आग लावू नये. गुराखी पळून गेले तर व्यापारी मार्शलला काढणार, आणि धिंगाणा झाला तरी काढणार.

शेरीफकडे याशिवाय करवसुली, जप्ती, लिलाव, समन्स बजावणं, तुरुंग चालवणं आणि फाशी देणं ही कामं असत.

४. पगार किती होता?

फरक प्रचंड. विचिटात १८७५च्या सुमारास वायट एर्प शिपाई होता, महिना ६० डॉलरवर. हिकॉकला ॲबिलीनने १८७१मध्ये महिना १५० डॉलर आणि दंडाच्या वसुलीतला चौथा हिस्सा कबूल केला होता, आणि त्या काळाच्या मानाने ही मोठी रक्कम होती.

शेरीफची खरी कमाई करवसुलीतल्या टक्केवारीची. टूमस्टोन ज्या कोचीस काउंटीत येतं तिथे चांदीच्या खाणी होत्या. म्हणून तिथल्या शेरीफपदासाठी जॉनी बीहन आणि वायट एर्प यांच्यात जी चढाओढ होती तिच्या मुळाशी पैसा होता.

डेप्युटी यू.एस. मार्शलला १८९६पर्यंत पगारच नव्हता, कामामागे फी होती. आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या केंद्रीय कोर्टात आरोपीला पकडायला जाताना मैलामागे ६ सेंट, त्याला घेऊन परतताना १० सेंट आणि अटकेचे २ डॉलर, असा दर होता. या फीमधून वरचा मार्शल आपला वाटा कापून घेई. आरोपी वाटेत मेला तर फी बुडाली, आणि त्याचे नातेवाईक पुढे आले नाहीत तर पुरायचा खर्चही डेप्युटीच्या माथी. आरोपीला जिवंत आणण्यातच त्याचं पोट होतं. जो डेप्युटी ऊठसूट गोळ्या घालील त्याचा धंदा एका हंगामात बसला असता.

५. भर रस्त्यात समोरासमोर उभं राहून, कोण आधी पिस्तूल काढतो ते बघायचं, असं खरंच होत असे का?

जवळजवळ नाही. नीट नोंद असलेलं एक उदाहरण नेहमी दिलं जातं: २१ जुलै १८६५, स्प्रिंगफील्ड, मिसुरी. जुगाराच्या कर्जापोटी डेव्हिस टटने हिकॉकचं घड्याळ उचललं आणि ते घालून चौकात मिरवला. दोघांनी सुमारे ७५ यार्डांवरून, म्हणजे जवळपास ७० मीटरवरून, एकेक गोळी झाडली. टटचा नेम चुकला, हिकॉकचा नाही. हिकॉकवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि ज्यूरीने त्याला सोडलं. त्या वेळी तो कोणताही शेरीफ किंवा मार्शल नव्हता, हेही लक्षात घ्या.

बाकीचे गोळीबार गुत्त्यात, अंधारात, काही फुटांवरून आणि बहुतेक वेळा दोघांपैकी एक तरी प्यायलेला असताना झाले. ५ ऑक्टोबर १८७१ला ॲबिलीनमध्ये हिकॉकने फिल को या जुगाऱ्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी धावत आलं, हिकॉक वळला आणि त्याने त्यालाही गोळी घातली. तो त्याचाच मदतनीस माइक विल्यम्स होता. हंगाम संपल्यावर, डिसेंबरमध्ये, गावाने हिकॉकला कामावरून कमी केलं.

६. ओके कोरलची चकमक नक्की कुठे आणि कशी झाली?

कोरलमध्ये, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याच्या आवारात, झालीच नाही. तबेल्याचं मागचं दार जिथे उघडायचं तिथून थोडं पुढे, फ्रेमाँट स्ट्रीटला लागून, छायाचित्रकार फ्लाय यांच्या घराशेजारी एक मोकळी, अरुंद जागा होती. रुंदी जेमतेम पंधरा-वीस फूट. २६ ऑक्टोबर १८८१च्या दुपारी तिथे नऊ माणसं आणि दोन घोडे उभे होते. सुमारे तीस सेकंदांत साधारण तीस गोळ्या सुटल्या.

एका बाजूला व्हर्जिल, वायट आणि मॉर्गन एर्प, सोबत वायटचा मित्र डॉक हॉलिडे. समोर गुराख्यांच्या टोळीतले आयक आणि बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅकलॉरी, बिली क्लेबोर्न. आयक आणि क्लेबोर्न पळाले. बिली क्लँटन आणि दोन्ही मॅकलॉरी मेले. व्हर्जिलला पोटरीत गोळी लागली, मॉर्गनला खांद्यात, हॉलिडेच्या कमरेला चाटून गेली. वायटला ओरखडाही नाही. टॉम मॅकलॉरीकडे शस्त्र होतं की नाही यावर साक्षीदारांचं तेव्हाही एकमत नव्हतं. त्याच्या अंगावर पिस्तूल सापडलं नाही.

कारवाईचा प्रमुख वायट नव्हता, व्हर्जिल होता. कारण होतं गावात शस्त्र बाळगण्यावरची बंदी (प्रश्न ८). त्याच दिवशी सकाळी आयक क्लँटनला याच नियमाखाली कोर्टाने २५ डॉलर दंड केला होता.

७. मग एर्प बंधू कायद्याच्या बाजूचे होते की खुनी?

दोन्ही टप्पे वेगळे धरले तर गोंधळ होत नाही.

पहिला टप्पा चकमकीचा. वायट आणि हॉलिडेवर खुनाची फिर्याद झाली. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर महिनाभर साक्षी झाल्या. ३० नोव्हेंबर १८८१ला त्यांनी खटला उभा राहण्याइतका पुरावा नाही म्हणून आरोपींना सोडलं. पण हॉलिडे आणि वायटला मदतीला घेण्याचा व्हर्जिलचा निर्णय अविचारी होता, असंही निकालात लिहिलं. हे वाक्य भक्त सहसा गाळतात, आणि विरोधक निकालाचा बाकीचा भाग गाळतात.

दुसरा टप्पा सूडाचा. २८ डिसेंबरला व्हर्जिलवर अंधारातून गोळीबार झाला आणि त्याचा हात कायमचा निकामी झाला. १८ मार्च १८८२ला बिलियर्ड खेळताना मॉर्गनला पाठीत गोळी घालून मारलं. वायट तोवर डेप्युटी यू.एस. मार्शल होता. त्याने टूसॉनच्या रेल्वे यार्डात, मॉर्गनच्या खुनाचा संशय असलेल्या फ्रँक स्टिलवेलला ठार केलं आणि पुढच्या काही दिवसांत आणखी माणसं मारली. इथे अटक, कोर्ट, जामीन यांपैकी काहीच नव्हतं. खुनाचं वॉरंट निघालं, वायटने ॲरिझोना सोडलं. हॉलिडेला ताब्यात द्यायला कोलोरॅडोच्या गव्हर्नरांनी नकार दिला. खिशात बिल्ला असला तरी हे कायद्याचं काम म्हणता येत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

८. तेव्हा गावात सगळे उघड बंदुका घेऊन फिरत ना?

गावाबाहेर, हो. गावात बहुतेक ठिकाणी बंदी होती. टूमस्टोनचा नियम क्रमांक ९ एप्रिल १८८१मध्ये झाला. डॉज सिटीच्या फ्रंट स्ट्रीटच्या प्रसिद्ध छायाचित्रात शस्त्रबंदीचा फलक स्पष्ट वाचता येतो. गावात शिरलं की शस्त्र तबेल्यात, हॉटेलात किंवा गुत्त्यात जमा करायचं, आणि निघताना परत घ्यायचं.

अडचण यायची ती येण्या-जाण्याच्या वेळी. गावात नुकताच आलेला किंवा निघायच्या तयारीत असलेला माणूस शस्त्र बाळगू शकत असे. ‘आम्ही निघालोच होतो’ हा बचाव म्हणूनच वारंवार ऐकू येतो, ओके कोरलच्या साक्षींतही.

९. डॉज सिटीत रोज मुडदे पडत का?

नाही. इतिहासकार रॉबर्ट डिकस्ट्रा यांनी ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी आणि कॉल्डवेल या पाच गावांतले १८७० ते १८८५ दरम्यानचे खून मोजले. एकूण भरले ४५. कोणत्याही गावात एका वर्षात पाचाच्या वर आकडा गेला नाही.

पण इथेच थांबलात तर उलटी चूक होते. डॉजसारख्या गावाची वस्ती हजाराच्या आसपास. हजारात पाच म्हणजे लाखामागे पाचशे, आणि हा दर भयंकर आहे. दुसरीकडे उन्हाळ्यात शेकडो गुराखी येऊन जात, ते जनगणनेत नाहीत, त्यामुळे भाजक कोणता धरायचा यावर अभ्यासक अजून भांडतात. आकडा सांगताना खून किती आणि वस्ती किती, दोन्ही सांगा.

१०. या लोकांनी प्रत्येकी किती माणसं मारली?

प्रसिद्धीच्या मानाने फार कमी. बॅट मास्टरसनच्या नावावर २६ बळी सांगतात. हा आकडा १८८१मध्ये कोलोरॅडोतल्या गनिसनला एका डॉक्टरने न्यूयॉर्कच्या बातमीदाराची थट्टा करताना सांगितला आणि तो छापून आला. नोंदीत ठामपणे सापडतो तो एक, १८७६मध्ये टेक्ससमधल्या स्वीटवॉटरचा. मास्टरसन २५ ऑक्टोबर १९२१ला न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्राच्या कचेरीत, आपल्या टेबलाशी मेला. तो तिथे क्रीडा स्तंभलेखक होता.

हिकॉकबद्दल १८६७मध्ये एका मासिकाने शेकडो बळींचा दावा छापला. प्रत्यक्षातला आकडा दहाच्या आत-बाहेर. आणि बिली द किड हा गुन्हेगार, ज्याला शेरीफ पॅट गॅरेटने मारलं, त्याचे सांगतात तसे २१ बळी नव्हेत. स्वतः मारलेले चार आणि इतरांबरोबर मिळून आणखी काही.

११. रिव्हॉल्वरबद्दल जे दाखवतात त्यात खरं किती?

१८७३चं कोल्ट सहा घरांचं, पण जाणकार पाचच गोळ्या भरत. घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा पिस्तुलाचा खटका, रिकाम्या घरावर ठेवायचा, कारण तो भरलेल्या घरावर टेकलेला असताना पिस्तूल पडलं तर बार उडतो. जानेवारी १८७६मध्ये विचिटात वायट एर्प खुर्चीत रेलून बसला असताना त्याचं रिव्हॉल्वर म्यानातून निसटलं, घोडा खुर्चीवर आपटला आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार छतात गेली. स्थानिक वृत्तपत्राने बातमी दिली.

काळ्या बारुदाचा धूर इतका होई की दोन-तीन बारांनंतर बंद खोलीत समोरचं दिसत नसे. मांडीवर बांधलेलं, झटकन पिस्तूल सुटणारं म्यान सिनेमावाल्यांनी आणलं. पुष्कळ जण पिस्तूल कोटाच्या खिशात ठेवत. खऱ्या धोक्याच्या वेळी कायद्याचा माणूस दुनळी बंदूक घ्यायचा. आणि रोजच्या कामात पिस्तुलाच्या नळीने डोक्यात एक हाणून आरोपी आडवा करायची पद्धत होती. आयक क्लँटनचं डोकं व्हर्जिलने तसंच फोडलं.

एर्पचं लांब नळीचं ‘बंटलाइन स्पेशल’? त्याचा उल्लेख १९३१च्या चरित्राआधी सापडत नाही (प्रश्न १७).

१२. बास रीव्ह्ज खरंच होऊन गेला का?

होय, आणि या यादीत सर्वांत वर नाव असावं असं आम्हाला वाटतं. जन्म १८३८, आर्कान्सात, गुलामगिरीत. १८७५मध्ये न्यायाधीश आयझॅक पार्कर फोर्ट स्मिथला आले तेव्हा डेप्युटी यू.एस. मार्शल म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि १९०७मध्ये ओक्लाहोमा राज्य होईपर्यंत तो या कामात होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. वॉरंटं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, कोणतं कोणाचं ते लक्षात ठेवायचं आणि अटकेच्या वेळी नेमका कागद पुढे करायचा, ही त्याची रीत.

फेरी अशी निघायची: एक गाडी, स्वयंपाकी, एखादा मदतनीस, वॉरंटांचा गठ्ठा. शेकडो मैल फिरून आरोपी गोळा करायचे, रात्री साखळीने गाडीला बांधायचे आणि सगळ्यांना एकदम फोर्ट स्मिथला आणायचं. एकेकाला आणणं फीच्या हिशेबात (प्रश्न ४) परवडणारं नव्हतं.

तीन हजारांहून जास्त अटका हा आकडा त्याच्या हयातीतल्या वृत्तपत्रांतून आला आहे. एकूण बेरीज नोंदींवरून पक्की करता येत नाही, पण शेकडो अटका कागदावर आहेत. १८८४मध्ये त्याच्या गोळीने त्याचा स्वयंपाकी मेला. रीव्ह्जचं म्हणणं, बंदूक साफ करताना बार उडाला. खुनाचा खटला झाला, १८८७मध्ये तो निर्दोष सुटला, पण वकिलांच्या खर्चात पुंजी गेली. १९०२मध्ये त्याने स्वतःच्या मुलाला, त्या मुलाच्या पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली, अटक केली. मुखवटा घालणारा टीव्हीवरचा नायक ‘लोन रेंजर’ रीव्ह्जवरून बेतला, या दाव्याला पुरावा नाही.

१३. मूळ रहिवाशांच्या प्रदेशात कायदा कोणाचा चालायचा?

दोन समांतर व्यवस्था होत्या. चेरोकी, चोक्टॉ, क्रीक वगैरे राष्ट्रांची स्वतःची न्यायालयं आणि ‘लाइटहॉर्स’ नावाचे घोडेस्वार पोलीस. दोन्ही बाजूंचे लोक राष्ट्राचे नागरिक असतील तर खटला तिथे. एक जरी बाहेरचा असेल तर फोर्ट स्मिथ. पार्कर यांनी १८७५ ते १८९६ या काळात १६० जणांना फाशी सुनावली, प्रत्यक्षात ७९ जणांना दिली गेली.

सॅम सिक्सकिलर हा चेरोकी अधिकारी मस्कोगीला इंडियन पोलिसांचा कप्तान होता. २४ डिसेंबर १८८६ला, कामावर नसताना आणि हातात शस्त्र नसताना, त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर इंडियन पोलिसांवरचा हल्ला केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

१४. कायद्याचा माणूसच दरोडेखोर निघाल्याची उदाहरणं आहेत का?

आहेत. कॉल्डवेलचा मार्शल हेन्री ब्राउन हे सर्वांत ठळक. गाव त्याच्यावर इतकं खूश होतं की १ जानेवारी १८८३ला लोकांनी त्याला नक्षीदार विंचेस्टर रायफल भेट दिली, वर त्याच्या सेवेचा गौरव कोरलेली पट्टी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये एका खुन्याच्या शोधात जातो असं सांगून त्याने रजा घेतली आणि आपल्या सहायक मार्शलसह चौघांनी मिळून ३० एप्रिल १८८४ला मेडिसिन लॉजची बँक लुटायचा प्रयत्न केला. बँकेचा अध्यक्ष आणि रोखपाल मेले, पैसे मिळालेच नाहीत. पळताना चौघे एका बंद घळीत सापडले. त्याच रात्री जमावाने तुरुंग फोडला. ब्राउन पळताना गोळी लागून मेला, बाकी तिघांना फासावर लटकवलं. ती गौरवाची रायफल त्या दिवशी त्याच्याजवळ होती.

माँटानातल्या बॅनॅकचा शेरीफ हेन्री प्लमर याचं प्रकरण इतकं सरळ नाही. १० जानेवारी १८६४ला स्वयंघोषित न्यायरक्षकांनी दरोडेखोरांचा म्होरक्या म्हणून त्याला, खटला न चालवता, फाशी दिलं. १९९३मध्ये त्याचा अभिरूप खटला चालवला तेव्हा ज्यूरी सहा-सहा अशी विभागली.

१५. ‘जिवंत किंवा मृत’ असं बक्षीस लावलं की कोणीही मारू शकत असे का?

इतकं सोपं नव्हतं. बक्षीस गव्हर्नर, रेल्वे किंवा एक्स्प्रेस कंपनी लावायची, आणि त्यातल्या अटी महत्त्वाच्या. बहुतेक जाहिरातींत ‘पकडून हवाली करणाऱ्यास’ असं असायचं. पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१च्या रात्री फोर्ट समनरला, पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या झोपायच्या खोलीत बिली द किडला मारलं. ५०० डॉलरचं बक्षीस मात्र शब्दांच्या वादात अडकलं आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

१६. हिकॉकचा मारेकरी एकदा निर्दोष सुटला, मग फाशी कशी गेला?

हिकॉकला २ ऑगस्ट १८७६ला डेडवुडच्या गुत्त्यात पत्ते खेळताना जॅक मॅकॉलने मागून गोळी घातली. खाणकामगारांनी भरवलेल्या कोर्टाने मॅकॉलला सोडलं. पण डेडवुड १८६८च्या करारानुसार सू या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर बेकायदा वसलेलं होतं. तिथे कायदेशीर कोर्टच नव्हतं, म्हणून पहिला खटला खटला धरला गेला नाही आणि एकाच गुन्ह्याला दोनदा खटला नाही हे तत्त्व लागू झालं नाही. यँक्टनला रीतसर खटला होऊन १ मार्च १८७७ला त्याला फाशी झाली.

१७. दंतकथा आल्या कुठून?

पूर्वेकडच्या मासिकांतून, स्वस्त कादंबऱ्यांतून आणि म्हातारपणीच्या आठवणींतून. एर्पचं प्रसिद्ध चरित्र तो गेल्यावर दोन वर्षांनी, १९३१मध्ये आलं. त्यात त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं लेखकाची होती, हे लेखकाने पुढे मान्य केलं. मग पन्नाशीच्या दशकातल्या टीव्हीने तेच खरं करून टाकलं.

१८. एखादा दावा किंवा जुना फोटो खरा आहे का, हे कसं तपासायचं?

आधी पद, गाव आणि तारीख ठरवा. त्या महिन्यात हा माणूस त्या पदावर होता का, हे नगर परिषदेच्या इतिवृत्तात किंवा काउंटीच्या खर्चाच्या नोंदीत दिसतं, कारण पगार मंजूर करावा लागे. मग कोरोनरचा (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) पंचनामा आणि कोर्टाची कागदपत्रं. वृत्तपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ संग्रहात मोफत वाचता येतात, पण एकावर थांबू नका: टूमस्टोनमध्ये ‘एपिटाफ’ एर्पच्या बाजूचा आणि ‘नगेट’ बीहनच्या. घटनेच्या गावापासून दूर छापलेल्या बातमीत मेलेल्यांचा आकडा हमखास वाढलेला असतो.

फोटोत चेहऱ्याच्या साम्यावर विसंबू नका; फोटो कोणाकडून कोणाकडे आला ही साखळी मागा. आणि टिनटाइप, म्हणजे पत्र्यावर काढलेला जुना फोटो, आरशासारखा उलटा असतो. बिली द किडच्या खात्रीच्या फोटोत कमरेचं पिस्तूल डाव्या बाजूला दिसतं, त्यावरून तो डावखुरा असल्याचं पसरलं. त्याच फोटोत हातातल्या विंचेस्टरचं गोळ्या भरायचं झाकण बघा: ते कारखान्यातून उजव्या बाजूला येतं आणि फोटोत डाव्या बाजूला आहे. म्हणजे फोटो उलटा, आणि पिस्तूल उजव्या कमरेला.